सात नंबरच्या झाडाखालचं तापमान

कृषी महाविद्यालय, मुलींचं वसतिगृह
८ डिसेंबर १९६७

आदरणीय टियो हेर्मो,

तुमचा हात कपाळाला लावते. टिया सेलिंगचाही. दोघांचा आशीर्वाद असू द्या.

तुमची वही मिळाली. सोळा आंबे, साठ दिवस, आणि मोहोराच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्य. आठ झाडांवर माझं औषध, आठांवर नुसतं पाणी, आणि सोळांनीही एकच गोष्ट केली, म्हणजे काहीच केलं नाही. सलग दुसरं वर्ष. तुम्ही प्रत्येक शून्य वेगळं काढलं आहे. एकदाही 'वरीलप्रमाणे' लिहून रेघ ओढलेली नाही. ते बघून आधी हसू आलं, मग वसतिगृहाच्या जिन्यावर बसून रडले.

माझ्या खोलीतली मिलाग्रोस म्हणते, "अगं, तू गिमारास बेटावरची ना? तुमच्याकडे आंब्याला हंगामाआधी मोहोर आणायला औषध लागतं होय? झाडाखाली ओला पाला पेटवायचा, दोन आठवडे धूर द्यायचा, की फुललंच!" मी तिला सांगत नाही, की माझे तातय बावीस वर्षं झाडाखाली बसून तोच धूर देत होते आणि शेवटच्या वर्षी घराच्या पाच पायऱ्या चढताना तीनदा थांबायचे. दफनाच्या दिवशी तुम्हीच म्हणाला होतात, "माझ्या भावाने धूर झाडांना दिला आणि प्यायला स्वतः." मला एवढंच हवं होतं की मोहोर यावा आणि खाली कुणी बसलेलं नसावं. पाण्यात क्षार विरघळवायचे, पानांवर फवारायचे, घरी जायचं. किती सोपं वाटलं होतं.

खरं सांगा टियो, मी हे पुढे करावं का?

तुमची,
कोन्सिंग


सीटियो ताबोक, गिमारास
२१ डिसेंबर १९६७

प्रिय इंदाय कोन्सिंग,

तुझं पत्र काल दुपारच्या होडीने आलं. आधी दुरुस्ती. दिवस साठ नव्हेत, एकसष्ट. १५ सप्टेंबर ते १४ नोव्हेंबर, दोन्ही टोकं धरून. कॉलेजात मोजणं शिकवत नसतील तर सुट्टीत ये, मी शिकवतो.

'वरीलप्रमाणे' लिहिणारा माणूस त्या दिवशी झाडाकडे गेलेला नसतो, हे मला लांबून कळतं. मी एकसष्ट दिवस सोळाही झाडांखाली उभा राहिलो आहे. सकाळी सहाला आणि दुपारी दोनला. तू पाठवलेले दोन तापमापक सात आणि आठ नंबरच्या खोडांवर छातीच्या उंचीला टांगलेले आहेत. सातवर औषध, आठवर पाणी. दोघांत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक कधीच नाही, म्हणजे तापमापक चांगले आहेत आणि माणूसही बरा आहे.

शेजाऱ्यांच्या धुराचं म्हणशील तर आपल्या बागेत एक झुळूक येऊ दिलेली नाही. नोंग बॅल्डोला त्याच्या शेकोट्या कुंपणापासून एकशेवीस पावलं मागे घ्यायला लावल्या. पावलं मी स्वतः मोजली. तो म्हणाला, "हेर्मो, आता माझ्या धुराला पण तुझा परवाना लागतो का रे?" मी म्हटलं, "धुराला नाही लागत नोंग, तुला लागतो." आठ दिवस बोलला नाही. बरंच झालं, नोंदीच्या वेळी त्याची बडबड नसते.

तू विचारलंस पुढे करावं का. मी चौथी शिकलेला माणूस. पंपाच्या इंजिनाबरोबर येणाऱ्या पुस्तिका वाचून जे आलं ते आलं, कुणी शिकवलं नाही. पहिलं इंजिन अकरा वेळा खोललं. दहाव्यांदा जोडल्यावर सुरू झालं नाही तेव्हा तुझी टिया म्हणाली, "आता याची फुलदाणी करू." मी अकराव्यांदा खोललं, कारण दहा वेळा काय चुकलं होतं ते माझ्याकडे लिहून होतं. तुझ्याकडेही आता दोन वर्षांचं लिहून आहे. झाडाने 'नाही' म्हटलं आहे, पण स्पष्ट म्हटलं आहे. दोन माणसांत इतकी स्पष्ट बोलणी होत नाहीत.

औषध पुन्हा बनव. पंप मी धुऊन, तेल लावून ठेवला आहे.

तुझा टियो,
हेर्मोजेनेस

ता. क. टियाने वाळवलेले मासे दिले आहेत. मिलाग्रोसला एक दे आणि बोलणं कमी करायला सांग.


कृषी महाविद्यालय
२८ सप्टेंबर १९६८

आदरणीय टियो,

तुमचा हात कपाळाला लावते.

औषध फवारून तेरा दिवस झाले. तुमचा कागद आजच आला. पुन्हा सोळा शून्यं.

टियो, या वेळी मी पत्र फिरवून फिरवून लिहिणार नाही. प्राध्यापक मॅग्बानुआंनी बोलावलं होतं. वाईट बोलले नाहीत. म्हणाले, "मुली, तीन हंगाम म्हणजे पुरेसा हट्ट झाला. नोव्हेंबरपर्यंत बघ. नाहीतर विषय बदल, किंवा जा." इलोइलोच्या एका शाळेत मुलींना पाककला आणि शिवण शिकवायला बाई हवी आहे. मी हो म्हणायच्या बेतात आहे.

सकाळी प्रयोगशाळेत जाते तेव्हा दाराची मूठ धरून थोडा वेळ उभी राहते. आत जाऊन काय करायचं आहे ते माहीत असतं. हातच जात नाही. तातयना हे कळलं असतं तर ते काय म्हणाले असते, असा विचार करते, आणि आठवतं ते फक्त त्यांचं खोकणं. आवाज आठवत नाही. खोकला आठवतो.

तुम्ही उगीच रोज दोनदा चालत जाऊ नका. संपल्यातच जमा आहे.

कोन्सिंग


सीटियो ताबोक
६ नोव्हेंबर १९६८

प्रिय इंदाय,

मोहोर आला आहे.

झाड १, ३, ७, ९, १३ आणि १५, या सहा झाडांवर. औषधाच्या आठपैकी सहा. एकूण तुरे चारशे बारा, माझ्या मोजणीने. दोनदा मोजले. पाण्याच्या झाडांपैकी फक्त आठ नंबरवर, सातच्या बाजूच्या फांदीला, तीन तुरे. ते लपवायचे नाहीत म्हणून लिहितो.

पूर्ण वही सोबत आहे. सगळे रकाने भरलेले आहेत. सगळे बघ.

उशीर झाला. जरा खोकला होता.

हेर्मोजेनेस


कृषी महाविद्यालय
१८ नोव्हेंबर १९६८

माझ्या लाडक्या टियो,

तुमचा हात कपाळाला लावते, दोन्ही हात, शंभरदा!

चारशे बारा! मी प्रयोगशाळेत एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या खोलीतल्या मुलाने उंदरांचा पिंजरा पाडला. प्राध्यापक मॅग्बानुआंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "औषधाला चाळीस दिवस लागले म्हणजे," ते म्हणाले. मग म्हणाले, "या नोंदी ठेवणारा माणूस कोण?" मी म्हटलं, माझा टियो. ते म्हणाले, "त्याला माझ्या विद्यार्थ्यांना शिकवायला पाठव." ऐकलंत?

आठ नंबरवरच्या तीन तुऱ्यांचं कोडं मी लगेच सोडवलं. फवारताना वाऱ्याने सातचं थोडं औषध आठच्या फांदीवर उडालं असणार. म्हणजे पुरावा उलट पक्काच झाला!

आणि आता बसून वाचा. मे महिन्यात बँकॉकला परिषद आहे, आणि कॉलेजकडून मी जाणार आहे. मी, इसिद्रोची मुलगी. तिथे उभी राहून सांगणार, की आंब्याखाली आता कुणाला बसायला नको.

तुमचं पत्र किती कोरडं! आनंद झाला की तुम्ही असेच आखडता, मला माहीत आहे. खोकल्याला आल्याचा काढा घ्या. थंडीच्या दिवसांत पहाटे जाताना गळ्याला काहीतरी गुंडाळा.

तुमची वेडी,
कोन्सिंग


सीटियो ताबोक
११ जानेवारी १९६९

प्रिय इंदाय,

बँकॉकचं वाचलं. टियाने शेजारीपाजारी सांगितलं. मी सांगितलं नाही.

घाई करू नकोस. एका बागेतला एक हंगाम म्हणजे काहीच नाही. तिकडच्या झाडांवर पुन्हा कर, जिथे मी नाही. ते झाल्यावर जगाला सांग. परिषद पुढच्या वर्षीही असेलच.

तापमानाचे रकाने उतरवून घेतलेस का? माझं अक्षर सात आणि एकमध्ये फसवं आहे, म्हणून विचारलं.

नोंग बॅल्डो म्हणतो, माझ्या सदऱ्याला भाजलेल्या माशाचा वास येतो. त्याला नाक आहे हे मला नव्यानेच कळलं.

हेर्मोजेनेस


कृषी महाविद्यालय
३० मार्च १९६९

टियो हेर्मो,

तुम्ही सांगितलंत म्हणून इथल्या, या हंगामात न मोहोरलेल्या दहा झाडांवर तेच औषध, त्याच प्रमाणात फवारलं. पंचेचाळीस दिवस बघितलं. एकही तुरा नाही.

मला वाटलं माती वेगळी असेल. पाऊस वेगळा असेल. म्हणून काल तुमची वही घेऊन बसले आणि प्रबंधासाठी तापमानाचे रकाने पहिल्यांदा उतरवायला घेतले. पाच महिने ती वही माझ्या उशाशी आहे. मी फक्त मोहोराचा रकाना वाचत होते.

८ ऑक्टोबर ते २४ ऑक्टोबर. सकाळी सहा. आठ नंबर: चोवीस, साडेतेवीस, चोवीस. सात नंबर: अठ्ठावीस, साडेसत्तावीस, अठ्ठावीस. सतरा दिवस. सात नंबरच्या झाडाखाली सतरा दिवस चार अंश जास्त. तीन वर्षांत कधी अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक नव्हता. २५ ऑक्टोबरला पुन्हा सारखे.

तुमचा सात आणि एक फसवा नाही, टियो. अतिशय स्वच्छ आहे.

सात नंबरच्या झाडाखाली काय होतं?

कोन्सोर्सिया


सीटियो ताबोक
१४ एप्रिल १९६९

इंदाय,

तुझ्या पत्राच्या पहिल्या ओळीत या वेळी माझा हात नव्हता. ते बरोबर आहे. आधी तेच वाचलं, मग बाकीचं.

विस्तव होता.

क्रमाने लिहितो. तुझं सप्टेंबरचं पत्र ७ ऑक्टोबरला, सोमवारी, पोचलं. जिच्या हाताला दाराची मूठ फिरवता येत नाही अशा मुलीचं पत्र मी तीनदा वाचलं. शिवण शिकवायला जाणार म्हणालीस. तुला साधा काज करता येत नाही, मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मी बागेत गेलो. विषम नंबरच्या आठ झाडांखाली, खोडापासून तीन पावलांवर, कोरडं गवत, वर ओला पाला, त्यावर भाताचं तूस. धूर पाण्याच्या झाडांकडे जाऊ नये म्हणून मधे नारळाच्या झावळ्यांचे आडोसे बांधले. सतरा दिवस, साडेचारपासून दिवेलागणीपर्यंत. ५ आणि ११ नंबरची पानं अजून कोवळी होती, म्हणून ती फुलली नाहीत. आठ नंबरवरचे तीन तुरे वाऱ्याने आले, पण वाऱ्याने औषध उडालं नव्हतं. आडोसा एका रात्री पडला होता.

पहिल्या दिवशी नोंग बॅल्डो कुंपणाशी आला. "काय रे, शास्त्रज्ञांच्या बागेत पण धूर? माझ्या शेकोट्या एकशेवीस पावलं मागे ढकलल्या त्या कशाला मग?" मी म्हटलं, "डास झालेत." तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला आणि निघून गेला. तेव्हापासून त्याने कुणाला एक शब्द सांगितलेला नाही. या माणसाला मी चाळीस वर्षं वाचाळ म्हणत आलो.

माझा हिशेब असा होता: एकदा मोहोर बघितला की तुला धीर येईल. पुढच्या वर्षी औषध आपल्या बळावर काम करील आणि माझा विस्तव त्याच्याखाली बुजून जाईल. मी इंजिनात असं कधी केलं नसतं. बिघडलेलं इंजिन मागून ढकलून 'चालू झालं' असं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या बाबतीत सांगितलं.

सहाला तापमापक वाचायची वेळ झाली तेव्हा मी तिथेच बसलो होतो. सात नंबरवर अठ्ठावीस दिसत होतं. चोवीस लिहायचं होतं. पेन्सिल टेकवली. लिहिता आलं नाही. तीस वर्षांच्या सवयीने अठ्ठावीस लिहिलं. सतरा दिवस जे दिसलं तेच लिहिलं, आणि स्वतःला समजावलं, हेर्मो, तू खोटा आकडा एकही लिहिलेला नाहीस. सगळे रकाने बघ, असं तुला कळवलंही. म्हणजे पकडून दे म्हणालो, आणि पकडलं जाऊ नये अशी आशाही केली. माझ्या हयातीत मी ज्यांना लबाड म्हटलं ते सगळे माझ्यापेक्षा सरळ होते. ते निदान आकडे तरी खोटे लिहायचे.

इसिद्रो ज्या दगडावर बसायचा, मी त्याच दगडावर बसलो होतो. हे लिहायची गरज नव्हती. पण सगळं लिहायचं ठरवलं आहे.

बँकॉकला काय सांगायचं ते तू ठरव. माझं नाव घालून सांग. हेर्मोजेनेस, चौथी पास, धूर दिला.

हेर्मोजेनेस


सीटियो ताबोक
२२ जून १९६९

इंदाय कोन्सिंग,

मी टिया सेलिंग. माझं अक्षर कोंबडीचं आहे, तुझ्या टियोसारखं छापील नाही, तरी वाच.

तू मे महिन्यात गावच्या उत्सवाला आलीस. चार तास होतीस. मी केळीच्या पानात भात बांधून दिला तो नेलास, माझा हात कपाळाला लावलास, आणि तो खुर्चीत हात अर्धा उचलून बसला होता त्याच्या समोरून गेलीस. मी तुला बोल लावत नाही. तो म्हणतो तुझं बरोबर आहे. हात मात्र तू पायऱ्या उतरून गेल्यावरही बराच वेळ तसाच अर्धा उचललेला होता. मीच खाली ठेवला.

वह्या त्याने पत्र्याच्या डब्यात घालून वर टाकल्यात. तापमापक उतरवून आणले आणि बाळ येशूच्या मूर्तीशेजारी ठेवलेत, जसं काही ते त्याचेच आहेत. सकाळी सहाला उठतो, दारापर्यंत जातो, आणि परत येतो. विचारलं तर म्हणतो, "मला आता वाचायचा हक्क नाही." असला कसला हक्क? झाडाला काय माहीत कोण वाचतंय?

आता दुसरं. इलोइलोला डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टर जे बोलला ते मी आधी एकदा ऐकलेलं आहे, इसिद्रोच्या वेळी, त्याच दवाखान्यात. फक्त डॉक्टर नवा होता. छातीत आधीपासून काहीतरी असणार, म्हणाला, तरुणपणी तो पण भावाबरोबर धुरात बसायचा ना. त्या सतरा दिवसांनी बाकीचं केलं. हे तुला सांगायचं नाही अशी त्याने मला शपथ घातली आहे. सतरा दिवस मी गप्प बसले, ते एकदा पुरे झालं. आता नाही बसणार.

ये म्हणत नाही. लिही.

टिया सेलिंग


कृषी महाविद्यालय
१७ ऑगस्ट १९६९

आदरणीय टियो हेर्मो,

तुमचा हात कपाळाला लावते. मे महिन्यातला राहिलेला आणि आजचा.

मी बँकॉकला गेले नाही. एप्रिलमध्येच सगळ्या विभागासमोर उभी राहिले आणि तुमचे ते सतरा दिवस फळ्यावर लिहिले, सात नंबर आणि आठ नंबर शेजारी शेजारी. कुणीतरी मागून म्हणालं, "म्हणजे धुरावर भाजलेला प्रबंध!" सगळे हसले. मीही हसले असते, पण तोंड उघडलं असतं तर दुसरंच काही निघालं असतं. माझ्या जागी दुसरा मुलगा गेला. त्याचा प्रयोग उसाचा होता आणि चांगला होता.

नाव मात्र मी सांगितलं नाही. नोंद ठेवणाऱ्याने धूर दिला, एवढंच सांगितलं. प्राध्यापक मॅग्बानुआंनी फळ्यावरचे सतराही दिवस वाचून काढले. शेवटी म्हणाले, "आपणच दिलेला विस्तव आपल्याच वहीत नोंदवणारा माणूस मी बघितला नव्हता." त्यात राग किती आणि बाकी किती ते मला कळलं नाही. मला अजून एक हंगाम दिला आहे. त्यानंतर खरंच नाही.

टियो, मी तुमच्यावर फार रागावले होते. अजूनही आहे, अधूनमधून, भांडी घासताना वगैरे एकदम येतो. पण माझीही नोंद राहिली आहे ती करते. वही माझ्याकडे पाच महिने होती. मला हवा होता तो एक रकाना मी वाचला आणि तिच्यावर डोकं ठेवून झोपले. तुम्ही खोकला लिहिलात, मी आल्याचा काढा लिहिला. भाजलेल्या माशाच्या वासावर मी हसले होते. मी धुरावाल्याची मुलगी, मला तो वास कळू नये? आणि सप्टेंबरचं ते पत्र. दाराची मूठ. ते मी तुम्हाला लिहायला नको होतं. तुमच्या हातात काडेपेटी मी दिली.

टिया सेलिंगने मला सगळं कळवलं आहे. तिला रागावू नका.

आता कामाचं. तुम्ही लिहिलं होतंत की ५ आणि ११ ची पानं कोवळी होती म्हणून ती धुरालाही बधली नाहीत. ते वाक्य मी एप्रिलमध्ये नीट वाचलंच नव्हतं. तीन वर्षं मी तारीख बघून फवारत होते, पान बघून नाही. या वेळी औषध वेगळं आहे, आणि फक्त जून पानांवर जाईल, हातात चुरगाळलं की कुरकुरणाऱ्या. तेही चुकू शकेल. चुकेल असंच वाटतं. पण परवा सकाळी दाराच्या मुठीशी उभी न राहता आत गेले, हे आत गेल्यावर लक्षात आलं.

फवारायला मी स्वतः सप्टेंबरात येते. तुम्ही झाडाखाली पाऊल टाकायचं नाही, लांबून सांगायचं. आणि नंतर वही कुणीतरी ठेवायला हवी. मी खूप विचार केला. शून्य नीट काढणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.

तापमापक बाळ येशूकडून परत मागा.

तुमची,
कोन्सिंग


सीटियो ताबोक
२ नोव्हेंबर १९६९

प्रिय इंदाय,

पितरांच्या दिवसासाठी काल दफनभूमीत गेलो होतो. मला खुर्चीसकट नेलं. एका बाजूला नोंग बॅल्डो, दुसऱ्या बाजूला त्याचा जावई. वाटेत बॅल्डो म्हणतो, "सांताक्रूझच्या मिरवणुकीतला पुतळा यापेक्षा हलका असतो." मी म्हटलं, "पुतळ्याच्या डोक्यात काही नसतं, म्हणून." इसिद्रोच्या थडग्यावर मेणबत्ती लावली. धूर देणारी नव्हती, बघून घेतली होती.

आता नोंद.

१५ सप्टेंबर ते १ नोव्हेंबर, दिवस अठ्ठेचाळीस. सोळाही झाडं. मोहोर शून्य. सात आणि आठ नंबरच्या तापमानात अर्ध्या अंशाहून जास्त फरक एकदाही नाही. तो रकाना आधी वाच, मग बाकीचे. बॅल्डोने या वर्षी उत्तरेच्या बाजूच्या शेकोट्या पेटवल्याच नाहीत. मी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, डास कमी आहेत.

खुर्ची झाडांच्या मधे ठेवतात, मी तिथून उठून जातो. एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत चौदा पावलं. त्यात आता दोनदा थांबतो. गेल्या महिन्यात एकदा थांबत होतो. तेही वहीच्या शेवटच्या पानावर वेगळं लिहून ठेवलं आहे, तारखेसकट. कुणाला तरी उपयोग होईल. धुराने माणसाचं काय होतं हे आजवर कुणी पावलांत मोजलेलं नाही.

वही १४ तारखेला पूर्ण व्हायची आहे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा सुरू. मधे अक्षर बदललेलं दिसलं तर दचकू नकोस. टिया सेलिंगला शिकवतो आहे. तापमापक वाचायला लवकर शिकली. शून्यं मात्र आळसाने काढते. परवा खाली 'वरीलप्रमाणे' लिहिताना पकडली. म्हणाली, "अहो, एवढी सगळी सारखीच तर आहेत!" मी म्हटलं, "सारखी दिसतात. प्रत्येकासाठी एकदा चालत जावं लागतं." मग बडबडत गेली, आणि सोळा काढून आणली. तिची शून्यं माझ्यापेक्षा मोठी आहेत. चालतील.

शेवटचं, आणि यासाठीच हे पत्र १४ तारखेपर्यंत न थांबता लिहितो आहे. आज सकाळी पाच नंबरच्या दक्षिणेकडच्या खालच्या फांदीच्या टोकाला एक डोळा फुगलेला दिसला. एकच. माझ्या छातीत जे झालं ते नोंदीत घालण्यासारखं नाही. टियाला म्हटलं, भिंग आण. ती पळत गेली. तिने माझा हात खालून धरला. बराच वेळ बघितलं. मग तिलाही बघायला लावलं, आणि आधी काही सांगितलं नाही.

दोघांनाही तेच दिसलं. पालवी आहे.

झाड क्रमांक पाच: एक नवं पान. मोहोर शून्य.

तुझा टियो,
हेर्मोजेनेस